साखर लिहिली तेवढीच

४ मे

ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर वाचायला भिंग लागतं असं तूच म्हणायचीस, तर भिंग घेऊन बस. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, तेवढं एक भिंग बहिणीला पाठवू शकतो.

काम किरकोळ आहे. तुझ्या ब्राउनीची कृती हवी आहे. आधी हसून घे. झालं? चिंगीच्या शाळेत घरून काहीतरी करून न्यायचा कार्यक्रम आहे, आणि कार्टीने वर्गात जाहीर करून टाकलंय की माझी आत्या करते तशी ब्राउनी जगात कुणाला येत नाही. आता आत्या तिकडे आणि इकडे नुसता बाप.

इंटरनेटवर शंभर कृती आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो हीच खरी. पहिल्यांदा केली तर ती टम्म फुगली, केक झाला. दुसऱ्यांदा वीट. तिसऱ्यांदा खालून करपली आणि मधे चिखल. मी ओव्हनला शिव्या घातल्या, तर आमच्या बाईसाहेब म्हणतात, "त्याला काही बोलू नका, तो माझ्याशी नीट वागतो."

मला तुझीच हवी. वरून तो चकचकीत पातळ पापुद्रा, सुरी लावली की चुरचुर तडकायचा, आणि आत मऊ. माझा निकाल लागला की तू करायचीस. पास झालो तरी आणि नापास झालो तरी. नापास झालो त्या वर्षी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "गाढवा!" म्हणून ओरडलीस आणि मग सगळ्यात मोठा तुकडा माझ्या पुढ्यात आदळलास. आई गेल्यावर आपल्या घरात ओरडायचं खातं तुझ्याकडेच होतं.

मागच्या वेळी तू विचारलं होतंस, भावजींचा काही पत्ता लागला का. नाही गं. मला काही माहीत नाही. कळलं तर पहिल्यांदा तुलाच सांगेन ना? मी तुझ्या बाजूचा आहे. तू केलंस ते बरोबरच केलंस. कारखाना बंद पडलाय, नोकरी गेलीय, आणि माणूस महिनोन्महिने रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बागेतल्या बाकावर बसून तो खातो आणि संध्याकाळी दमून आल्याचं नाटक करतो! आणि तू बिचारी पहाटे उठून डबा भरतेस. विसरलेला चष्मा द्यायला गेलीस तर फाटकाला कुलूप, आणि तिथला वॉचमन उलट तुलाच विचारतो, "म्हणजे, साहेबांनी सांगितलं नाही तुम्हाला?" कुणाला राग येणार नाही?

पण तुला राग आला नाही, तेच मला खटकलं. तू ओरडतेस तोवर सगळं ठीक असतं. भावजींना तू शांतपणे बॅग भरून दिलीस आणि "सांभाळून जा" म्हणालीस.

असो. कृती पाठव. काय किती घालायचं ते नीट लिही, तुझं ते "अंदाजाने" नको.

तुझा धाकटा


१७ मे

ताई,

कृती मिळाली. पाकीट फोडताना चिंगी खांद्यावर चढून बसली होती. सुट्टी लागल्यापासून दिवसभर घरात आहे, नुसता उच्छाद.

तू लिहिलंस तस्सं केलं. चॉकलेट आणि लोणी गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवलं, आचेवर नाही. अंडी एकेक करून. मैदा चाळून घातला आणि "फेटू नकोस, नुसता मिसळ, हात आवर" असं तू लिहिलंयस म्हणून जीव मुठीत धरून मिसळला. मधे किंचित ओलसर दिसते तेव्हाच बाहेर काढली. गार होईपर्यंत सुरी लावली नाही, हे सगळ्यात अवघड गेलं. चिंगीला तेवढा वेळ कपाटावर बसवून ठेवावं असं वाटत होतं.

झाली! केक नाही, वीट नाही, ब्राउनी झाली. मी स्वयंपाकघरात नाचलो, विचार हवं तर.

पण ताई, एक शंका आहे, रागावू नकोस. तू लिहिताना साखरेत चुकलीस का? अर्धी वाटीच लिहिली आहेस. मला चांगलं आठवतंय, तू वाटी शिगोशीग भरायचीस आणि सांडलेली मी बोटाने टिपून खायचो. ही खाल्ली तर कडसर लागली. चिंगीने एक घास घेतला आणि "बाबा, हे औषध आहे का?" म्हणाली. बाईसाहेबांनी पाण्याचा पेला घेतला. आणि वर तो चकचकीत पापुद्राही आला नाही, नुसती मखमलीसारखी दिसत होती.

तरी ट्रे रिकामा झाला म्हणा. कडा तर दुसऱ्या दिवशी सकाळीच संपल्या होत्या.

साखरेचं तेवढं कळव. आणि फोन उचलत जा. तू एकटी आहेस, काळजी वाटते.

तुझा धाकटा


२९ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी! ग्रंथालयात लोकांना "शांतता राखा" सांगून सांगून आता तू कागदावरही शांतता राखायला लागलीस वाटतं.

"साखर लिहिली तेवढीच. वाढवू नकोस. पापुद्रा येणार नाही, यायला नको." बरं. कळलं. आणि "वाढवू नकोस"च्या खाली दोन रेघा कशाला? मी काय लहान आहे?

तू विचारलंयस, तुझ्याकडे कडा कोण खातं? हो, आपल्याकडे कडा कुणी खात नाही, मला मधला मऊ भाग लागतो आणि चिंगी माझ्यावर गेलीय. अगं, खालच्या मजल्यावर एक पोस्टातले काका राहतात. एकटेच असतात. त्यांना नेऊन देतो. त्यांना कडक लागतं. दात अजून शाबूत आहेत त्यांचे.

आणि शेवटच्या ओळीत, "अजून काही सांगायचंय का?" नाही गं, काय सांगणार? दुकानात काम भरपूर आहे, चिंगी बरी आहे, सगळं छान चाललंय.

एक मात्र सांगून टाकतो, उगाच मनात राहायला नको. साखर मी वाढवली. चिडू नकोस. पूर्ण वाटी घातली, वर मूठभर. मग काय सांगू, असा पापुद्रा आला की सुरी लावताच काचेसारखा तडकला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. निकालाच्या दिवशीची ब्राउनी! आता दर दोन दिवसांनी एक ट्रे होतो. बाईसाहेब म्हणतात हे वेड आहे. असेल. पण घरात एखादं माणूस खात नसेल, नुसतं ताटाकडे बघत बसत असेल, आणि ते एवढं एक आवडीने खात असेल, तर करायचं नाही का?

चिंगीबद्दल म्हणतोय मी. उन्हाळ्याने तिची भूक गेली आहे.

तुझा धाकटा


९ जून

ताई,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावरून लिहितोय. सकाळपासून तुला फोन करतोय. शेवटी ग्रंथालयात निरोप ठेवला, भावजी दवाखान्यात आहेत एवढाच. बाकीचं तोंडाने सांगायची माझी छाती होणार नाही. दुकानाचा माल पोचवणारी गाडी आज तुझ्या गावाला चालली आहे, ड्रायव्हरच्या हातात हे देतोय.

आधी हे ऐक: ते शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणतात धोका टळला. सकाळी जिना उतरताना खाली बसले ते उठेचनात. सारखं पाणी मागत होते, जीभ जड झाली होती. इथे बोट टोचून साखर तपासली तर यंत्रावर आकडाच येईना, नुसतं "हाय" दाखवत होतं, म्हणजे मोजता येणार नाही इतकी जास्त. नर्सने मला विचारलं, "यांना डायबिटीस आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मला माहीतच नव्हतं गं.

आता खरं सांगतो. ते त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. तू भरून दिलेली बॅग हातात, दारात उभे. म्हणाले, "तिला सांगू नकोस. तेवढं एक कर." आणि मी हो म्हणालो. आत घेतलं, गादी घालून दिली, आणि दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं की मला काही माहीत नाही. तेव्हापासून ते माझ्याच घरात आहेत. पोस्टातले काका वगैरे कुणी नाहीत. खालच्या मजल्यावर शिलाईच्या मशीनचं गोदाम आहे.

मी स्वतःची समजूत घातली की मी भांडण मिटवणार आहे. जरा दिवस जाऊ देत, तुझा राग निवू दे, मग मी मधे पडेन, दोघांना समोरासमोर बसवेन. कसलं काय. मला ते सोयीचं होतं. भावजी मला देवमाणूस समजत होते आणि तू मला आपला माणूस समजत होतीस. दोन्हीकडून कौतुक. एका खोट्यापायी तू नवऱ्याला घराबाहेर काढलंस, आणि मी तुला दर पत्रात एक नवीन खोटं लिहीत होतो, वर "मी तुझ्या बाजूचा" अशी मखलाशी. लाज वाटते मला.

ते जेवत नव्हते, ताई. ताट तसंच. दिवसभर खिडकीशी. एकदा चिंगीने विचारलं, "आतोबा, तुम्हाला काय आवडतं?" तर म्हणाले, "तुझ्या आत्याची ब्राउनी." म्हणून हा सगळा खटाटोप. शाळेचा कार्यक्रम नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, गोळ्या कधी बंद केल्या? ते हळूच म्हणाले, संपल्या, मागायला लाज वाटली. माझ्या घरात, माझ्याकडे मागायला लाज वाटली! आणि मी त्यांच्यापुढे दिवसाआड एक ट्रे ठेवत होतो, मूठभर साखर जास्त घालून. त्यांना ठाऊक होतं. तरी खात होते. मी एवढ्या हौसेने करतोय, नाही कसं म्हणायचं. आणि नाही म्हटलं असतं तर डायबिटीसचं सांगावं लागलं असतं, मग मी तुला विचारलं असतं. एका माणसाने लपवलं म्हणून दुसऱ्याने लपवलं, आणि मधे मी वाट्याच्या वाट्या साखर ओततोय.

एक गोष्ट बाकावर बसल्या बसल्या डोक्यात शिरली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या कृतीने पहिला ट्रे केला तेव्हा आम्ही तिघांनी नाक मुरडलं. भावजींनी कडेचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हीच. अगदी तिच्या हातची." मला वाटलं, पाहुणा माणूस, मन राखतोय. मी आठवत होतो ती ब्राउनी जुनी, आपल्या घरातली. त्यांना साखर निघाल्यावर तू ती हळूहळू कमी करत नेलीस, नाही का? बोलली नाहीस, त्यांना पत्ता लागू दिला नाहीस, आणि त्यांच्या जिभेला तीच लागायला लागली.

म्हणजे ती कृती तू चिंगीसाठी लिहिलीच नव्हतीस. तुला पहिल्या पत्रापासून माहीत होतं ते कुठे आहेत.

मग "कडा कोण खातं?" हे तू का विचारलंस तेही आत्ता कळतंय. "अजून काही सांगायचंय का?" तेही. दार उघडं ठेवून उभी होतीस, आणि मी तुझ्या तोंडावर पोस्टातले काका आपटले.

ये, ताई. माझ्यासाठी नको येऊ. येऊन मला वाटेल ते बोल. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे. फक्त ते शांतपणे "बरं" म्हणू नकोस.

धाकटा


१६ जून

ताई,

तुम्ही दोघं नीट पोचलात हे ड्रायव्हरकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेवढं मागायचं तोंड मला नाही.

तू वॉर्डात शिरलीस तेव्हा मी उठून उभा राहिलो. तू माझ्या बाजूने गेलीस आणि सरळ भावजींच्या पलंगापाशी. पर्समधून गोळ्यांची पाकिटं काढलीस आणि एकेक करून त्यांच्या चादरीवर आपटलीस. बरोबर घेऊन फिरत होतीस होय? मग म्हणालीस, "ब्राउन्या किती खाल्ल्या? खरं सांगा."

"मोजल्या नाहीत."

"खरं!"

"रोज दोन," ते म्हणाले. "कधी तीन. कडेच्या."

आणि मग तू सुरू झालीस. बागेतल्या बाकापासून गोळ्यांपर्यंत, मधे काही सुटलं नाही. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा उठून बसले. नर्स धावत आली, "बाई, हा दवाखाना आहे." तू तिलाही सुनावलंस. भावजी खाली मान घालून ऐकत होते, आणि खरं सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जीव आलेला दिसला. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. परत आलो, म्हटलं आता माझी पाळी.

माझी पाळी आलीच नाही. निघताना तू माझ्यापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुम्हा सगळ्यांना फार त्रास झाला. धावपळ केलीत, आभारी आहे."

आभारी आहे! सख्ख्या बहिणीने माझे आभार मानले! मी चहा विचारला तर "नको, थँक्यू." ताई, त्या वाक्यानंतर मी दोन दिवस दुकानात काय करत होतो मला आठवत नाही. एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. ती बाई येऊन बोलून गेली, आणि मला तिचा हेवाच वाटला, निदान ओरडायला तरी ती मोकळी होती.

तुम्ही गेल्यावर बाईसाहेबांनी सांगितलं, तू त्यांच्याशी काय बोललीस. "सुट्टीत कसली शाळा आणि कसला कार्यक्रम? पत्रावर मेची तारीख घालायची आणि शाळेचं खोटं बोलायचं, खोटंही धड येत नाही त्याला." आणि पुढे म्हणे, "मी वाट बघत होते. तो सांगेल असं वाटत होतं. त्याच्याकडे आहेत, जेवतायत, म्हणून मी निर्धास्त होते." निर्धास्त! माझ्यावर भरवसा ठेवून! हे मला तू तोंडावर का नाही सांगितलंस?

भावजींना तू माफ केलंस, की नुसतं घरी नेलंस, ते तुमचं तुम्ही बघा. ते निदान एकाच माणसाशी खोटं बोलले. मी दोघांशी बोललो आणि वर त्यावर साखर पेरली.

यासोबत डबा पाठवतोय. अर्धी वाटी साखर, सुरीने सपाट करून. कणभर जास्त नाही, बाईसाहेब शेजारी उभ्या होत्या. वर पापुद्रा आलेला नाही. कडा वेगळ्या कागदात बांधल्यात, एका वेळी एकच द्यायची, किती ते तू ठरव. उरलेल्यातली एक तू खाऊन बघ. नाही खाल्लीस तरी डबा परत पाठवू नकोस. परत आला तर मला सहन होणार नाही.

धाकटा


२७ जून

ताई,

आज दुपारी गाडीतून डबा परत आला. ड्रायव्हरने काउंटरवर ठेवला आणि मी काच घासायची सोडून आत निघून गेलो. मालक विचारत होते काय झालं, मी म्हटलं काही नाही, चक्कर आली.

उघडायची हिंमत होईना. घरी नेला, ओट्यावर ठेवला आणि लांब जाऊन बसलो. शेवटी चिंगीनेच झाकण काढलं. म्हणाली, "बाबा, रिकामा आहे. घासून पाठवलाय आत्याने. आत चिठ्ठी आहे."

चिठ्ठी तिनेच मोठ्याने वाचली. नवीन वाचायला शिकली आहे, एकेक अक्षर सोडवत, बोट ठेवून.

"मीठ वि-स-र-ला-स, गा-ढ-वा."

मग मान वर करून म्हणाली, "आत्या तुम्हाला ओरडलीय बाबा. तुम्ही हसताय काय?"

चिमूटभर मीठ घातलंय. ट्रे आत्ताच ओव्हनमध्ये गेलाय.

तुझा
गाढव